शेंदराच्या आतली बाजू

बहमनी राज्य फुटलं आणि त्याच्या पाच शाह्या झाल्या. या पाच शाह्या मला काही केल्या पाठ होईनात. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, इथपर्यंत मी बरोबर यायचे. उरलेल्या दोन वाटेत कुठंतरी मागं राहायच्या, लंगडी मेंढरं राहतात तशा. सून म्हणायची, "आई, सोडा की आता. या वयात कुणाला दाखवायचीय डिग्री?" मी म्हणायचे, "मलाच दाखवायचीय बाई. मी बघितलेली न्हाई अजून."

खोटं कशाला सांगू, माझी शाळा चौथीतच सुटली. आमचं माहेर आटपाडीच्या बाजूचं, माळरानाचं. वडलांचा, आबांचा, मेंढरांचा कळप होता आणि दिवाळी सरली की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून आम्ही कृष्णेच्या काठानं चारणीला निघायचो. शाळा कुठं घोड्यावर लादता येते? धड वाचायला शिकले ते लग्नानंतर कराडात, पोरांच्या पुस्तकांवर. पोरं एका बाजूनं वाचायची, मी समोर बसून भाजी निवडत उलट्या बाजूनं वाचायचे. अजूनही पुस्तक उलटं धरलं तरी मला वाचता येतं. मालक गेले, पोरं आपापल्या कामाला लागली, तेव्हा मी बाहेरून दहावी दिली, मग बारावी, आणि साठी उलटल्यावर बी. ए. ला नाव घातलं. विषय इतिहास.

तर त्या शाह्या. शेवटी मी माझ्या पद्धतीनं पाठ केल्या. लहानपणी आई आमच्याकडून चारणीच्या वाटेवरचे मुक्काम म्हणून घ्यायची. कुठं पाणी गोड, कुठला पाटील कटकट्या, कुठल्या रानात मेंढरं बसवली की शेतकरी खतापायी पोटभर जोंधळा देतो. मी राजे तसेच वाटेवर मांडले. हा शिलाहारांचा मुक्काम. पुढं यादवांचा, लांबलचक. मग दिल्लीच्या सुलतानाची धाड. मग बहमनी, आणि तिथं पाच वाटा फुटतात. आमची वाट विजापूरची. असं मांडल्यावर एकही शाही परत सुटली नाही.

पण पाठांतरानं भागणार नव्हतं. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प होता: आपल्या भागातला मध्ययुगीन अवशेष आणि तिथलं धर्मजीवन. प्रकल्प मंजूर झाला नाही तर निकाल अडणार. आमच्या अभ्यास केंद्रावरचे सर तरुण, माझ्या धाकट्यापेक्षाही लहान, पण शिकवायचे मन लावून. त्यांनी विचारलं तर वर्गातल्या बहुतेकांनी किल्ला सांगितला. सर म्हणाले, "किल्ला गेल्या वर्षीही होता. तोच, त्याच चुकांसकट. मावशी, तुमचं काय?"

मी म्हटलं, "आमचा म्हसोबा."

आता म्हसोबाबद्दल सांगायला पाहिजे. माहेरच्या गावाबाहेर, माळ संपून ओढा लागतो तिथं, लिंबाखाली एक उभा दगड आहे. माणसाच्या कमरेइतका. पिढ्यान् पिढ्या शेंदूर लावून लावून तो असा फुगलाय की बघणाऱ्याला नुसता लाल गोळा दिसावा. त्याची पूजा आमच्या घरात. चारणीला निघायच्या आधी आणि परत आल्यावर शेंदूर लावायचा मान आमच्याच घरच्या पुरुषाचा. यात्रेला आसपासच्या पाच-सहा वाड्यांची माणसं येतात. आता कळप कुणाकडं राहिलेत? माझा धाकटा भाऊ डाळिंब लावतो, चार शेरडं नि थोडी मेंढरं राखलीत ती सवय म्हणून. पण यात्रेच्या दिवशी घोंगडं खांद्यावर टाकून तो दगडापाशी उभा राहिला की लोक त्याच्या पाया पडतात. त्या एका दिवसावर तो वर्षभर चालतो, असं म्हटलं तरी चालेल.

मी फोटो नेऊन दाखवला. सरांनी मोबाइल उभा धरला, आडवा धरला. "मावशी, खाली काहीतरी कोरलेलं असणार. आकारावरून वाटतं. पण दिसत काहीच नाही. मी यावर शेरा काय लिहू? विषय बदला, अजून वेळ आहे."

"विषय न्हाई बदलायची, सर. दिसंल."

माझ्या मनात होतं, पाठ्यपुस्तकात वीरगळीचं चित्र होतं तसलंच हे असणार. गुरं राखताना पडलेला कुणी वीर, वर त्याला न्यायला आलेल्या अप्सरा. आमच्या मेंढपाळाच्या घराला शोभेल असं. मी भावाला फोन लावला. म्हटलं, खालच्या बाजूचा थोडा शेंदूर खरवडून बघू या.

तो म्हणाला, "अक्का, देवाला सुरी लावू व्हय मी? पुस्तकं वाचून डोस्कं फिरलंय तुजं."

"आरं, सुरी नगं. बोथट काय तरी—"

"बोथट बी न्हाई आन् धारदार बी न्हाई. डाळिंबाला पाणी सोडलंय, ठेवतो."

ठेवला. मी पण त्याचीच बहीण. दर आठवड्याला फोन करून विचारत राहिले, आणि तो दर आठवड्याला डाळिंबाला पाणी सोडत राहिला.

तेवढ्यात उन्हाळा आला, आणि देवानं खोळ टाकली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेंदराचे थर लय चढले की कधीतरी ऊन खाऊन ते दगडापासून सुटतात आणि आपल्या आपण गळून पडतात. याला देवानं खोळ टाकणं म्हणतात. माझ्या जन्मात एकदाच झालं होतं, मी परकरात असताना. खोळ पडली की ती उघडी ठेवायची नाही. पिवळ्या कापडात बांधून नदीला न्यायची, आणि आतल्या बाजूनं बघायचं नाही. देवही उघडा ठेवायचा नाही. चार माणसांनी घोंगडं आडवं धरायचं आणि मानकऱ्यानं त्याच्या आड जाऊन, डोळे मिटून, हातानंच नवा शेंदूर लावायचा.

भावाचा फोन आला, "अक्का, घेऊन येतोय. संगमावर सोडायचीय." आमच्या घरापासून कृष्णा-कोयनेचा संगम चालत जाण्यासारखा. संध्याकाळच्या एस्टीनं तो आला. मांडीवर पोरगं घेऊन यावं तसं ते पिवळं गाठोडं घेऊन. मी पाट मांडला, रांगोळी काढली, गाठोडं पाटावर ठेवलं. आणि जेवण झाल्या झाल्या म्हटलं, "मी आत बघणार."

"बघायचं नसतंय."

"बघितलं तर काय हुतंय?"

"ते ठावं न्हाई."

"तुला न्हाई, मला न्हाई, आबाला बी न्हवतं ठावं. मंग कुणी तरी बघून सांगाया पायजे का नगं?"

मला वाटलं चिडून उठेल. तो उठला नाही. पाटाकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, "डोळं मिटून शेंदूर लावला मी. लावताना हाताला शिंगं लागली."

"म्हसोबा हाय. शिंगं लागणारच."

"सरळ हुती, अक्का." त्यानं दोन बोटं उभी करून दाखवली. "म्हशीची अशी असत्यात व्हय? आन् लांब. तवापास्नं झोप न्हाई मला."

म्हणजे नुसता माझा प्रकल्प अडला नव्हता. याचाही जीव अडकला होता, आणि कुणाला विचारायची सोय नव्हती. मानकऱ्यानंच शंका काढली तर बाकीच्यांनी काय करायचं?

सकाळी तोच 'बघू' म्हणाला, आणि आंघोळी करून आम्ही गाठोड्याची गाठ सोडली. खोळीचे दोन तुकडे झाले होते, वरचा लहान, खालचा मोठा, दोन-दोन बोटं जाड. बाहेरून गुळगुळीत, लाल. उलटे केले तर आत काळपट, तेलकट, आणि खड्डेच खड्डे. दगडावर जे वर आलं होतं ते इथं आत गेलेलं. मी उलटं वाचायला शिकलेली बाई, पण मलाही काही उमजेना.

चुलीजवळ परातीत पोळ्यांची कणीक मळून ठेवलेली होती. माझं लक्ष तिच्याकडं गेलं. करंजीचा साचा असतो की नाही आपल्याकडं, लाकडाचा, त्यात पारी दाबली की नक्षी उठते? मी खोळीला आतनं तेलाचं बोट फिरवलं, कणकेचा मोठा गोळा थापला आणि वरच्या तुकड्यात हलक्या हातानं दाबत गेले. सून दारात येऊन थांबली. "आई, पोळ्या?"

"भात टाक आज."

कडेनं सोडवत सोडवत मी ती कणीक उचलली आणि पाटावर पालथी घातली. चंद्राची कोर. शेजारी गोल सूर्य. इतका स्वच्छ की भावानं हात जोडले. "बघ! देवच हाय! चंद्र-सूर्य हायत!" त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं इथंच थांबावं.

पण तसं थांबता येत नाही. खालच्या तुकड्यात कणीक दाबली. उचलली. पालथी घातली.

आधी दिसले ते कान. दोन, सरळ, लांब. मग मान, पाठ, चार पाय. आणि त्याच्या खाली एक बाई. सून "अगं बाई" म्हणून आत पळाली. मी कणकेकडं बघितलं, भावानं कणकेकडं बघितलं, आणि एकमेकांकडं काही आम्हाला बघवेना. सख्ख्या भावाच्या शेजारी बसून बघायचं ते चित्रच नव्हतं.

मला कळलं होतं काय ते. पुस्तकात वीरगळीच्या पुढच्याच पानावर होतं, मी वाचून पान पटकन उलटलं होतं.

"गाढव हाय त्ये," भाऊ म्हणाला.

"व्हय."

"आन् त्ये..."

"व्हय. गधेगाळ म्हणत्यात ह्याला." मग मी तोंड भिंतीकडं करून सगळं सांगितलं. राजा कुणाला तरी जमीन द्यायचा, देवळाला, मठाला, कुणा सरदाराला. ती कुणी हिसकू नये म्हणून शिवेवर दगड रोवायचा. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आभाळात असेपर्यंत दान चालायचं. आणि खाली शिवी, जो हे मोडील त्याच्या आईला गाढव. वाचता येत नाही त्याला चित्रावरनं कळावं म्हणून कोरलेली.

भाऊ हसला नाही. मला वाटलं होतं, हसेल. तो पाटापासून मागं सरकला. "म्हंजे आजोबापास्नं आमी गाढवाला निवद दावत आलो. शिवीला." मग म्हणाला, "मंग आमचा देव कुठाय, अक्का?"

मी सुनेला हाक मारली, मोबाइल घेऊन ये.

सुनेनं मोबाइलवर फोटो काढले, पदरानं तोंड झाकून. दुपारी आम्ही खोळ परत बांधली, संगमावर गेलो, कमरेइतक्या पाण्यात उतरून भावानं ती सोडली. वर येऊन धोतर पिळता पिळता तो बोलला, "तू हे लिहिणार न्हाईस."

"लिहिणार."

"गावात हसत्याल. गाढवाचं पुजारी म्हणत्याल. यात्रेला कुठल्या तोंडानं उभा ऱ्हाऊ? पोरीचं जमायचंय अजून माझ्या. किल्ला लिही की सगळ्यांसारका!"

"तुज्यावर हसू येईल असं न्हाई लिहायची. पण लिहिणार."

तो न जेवता गेला. एस्टीच्या खिडकीतनं बघितलंसुद्धा नाही.

मी फोटो घेऊन केंद्रावर गेले. सरांनी बघितलं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या, आणि मग खुर्ची पुढं ओढून परत बघितलं. "कणकेत? मावशी, तुम्ही कणकेत ठसा घेतला?" त्यांना असा आनंद झाला की मलाच लाजल्यासारखं झालं. त्यांनी कपाटातनं जाड पुस्तक काढून एकेक दगड दाखवला. एकावर वर देवनागरी, खाली गाढव. दुसऱ्यावर फारशी अक्षरं, आणि खाली तेच गाढव. मी म्हटलं, हे तर सुलतानाच्या राज्यातलं. ते म्हणाले, हो. कागदावर शपथ घालताना हिंदूला गाईची घालायचे, मुसलमानाला डुकराची, ज्याची त्याची वेगळी. दगडावरची ही शिवी मात्र सगळ्यांनी तशीच उचलली.

"आमचा कुणाच्या काळातला?"

"लेख दिसत नाही तोवर सांगता येणार नाही. लिहू नका. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहा. माहीत नाही तिथं माहीत नाही असं लिहिणं हा पण अभ्यासच असतो, मावशी." हे मला त्यांनी शिकवलं आणि अजून उपयोगी पडतं. मग म्हणाले, "पण एक आहे. देवस्थान चालू आहे, पूजा तुमच्या भावाकडं आहे. त्यांचा होकार असल्याशिवाय मी हे जमा करून घेणार नाही. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलंच. पण बरोबर होतं. देव काही माझ्या एकटीच्या प्रकल्पासाठी बसलेला नव्हता.

भाऊ फोन उचलेना. मुदत जवळ आली. एका सकाळी मी डबा बांधला, पिशवीत कागद घातले आणि विट्याची एस्टी धरली, तिथनं आटपाडीची, तिथनं वडापची जीप. वाटभर एकच विचार, त्यानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय होकार मागायचा नाही.

तो डाळिंबाच्या ओळीत फांद्या छाटत होता. मला बघून म्हणाला, "आलीस व्हय. मला वाटलंच हुतं. सही पायजे आसंल."

"सही मागनं. आधी पाणी दे."

पाणी दिलं. मी बांधावर बसले आणि म्हटलं, "तू इचारलंस देव कुठाय. मी इचार केला. ह्या दगडाचं काम काय हुतं? कुणाची तरी जमीन राखायची. ज्या राजानं रोवला त्यो गेला. त्याला हरवणारा गेला, त्याच्या मागचा बादशा बी गेला. ज्याला जमीन दिली त्ये देऊळ हुतं का मठ, मला ठावं न्हाई, सरास्नी बी न्हाई. दगड तेवढा राखत ऱ्हायला. मंग आपलं कोण तरी म्हातारं मेंढरं घिऊन आलं, त्येनं बघितलं, ह्यो राखणदार हाय, म्हणून शेंदूर लावला. नाव चुकलं आसंल. काम तर त्येनं बरोबर वळाकलं का न्हाई?"

तो छाटत राहिला. ऐकत होता हे कात्रीवरनं कळत होतं, नको त्या फांद्या तुटत होत्या.

"आन् गाढव?"

"गाढव पूजेचं न्हवंच. त्ये भ्या घालायला."

"आन् ती बाई?"

हे मला अपेक्षित नव्हतं. इतके दिवस मी गाढवाच्या लाजेत होते, बाईचा विचार लांबच ठेवला होता. तिथं बांधावर बसल्या बसल्या एकदम राग आला. म्हटलं, "त्येच तर! आरं, इतकं राजं झालं, धरम बदललं, भाषा बदलली. पर गड्याला दम द्यायचा तर त्याच्या आईलाच मधी आणायचं, ह्यावर सगळ्यांचं एकमत! जमीन चोरणार ह्यो, आन् शिक्षा तिला. तिनं काय केलं हुतं?"

त्या वेळी शेरडू पाइपला तोंड लावत होतं. भावानं सवयीनं त्याला आईवरनं शिवी हाणली आणि माझ्याकडं बघून गप झाला.

"बघ," मी म्हटलं.

"तोंडात बसलंय गं," तो म्हणाला. आणि मग आम्ही दोघं हसलो, त्या दिवसापासनं पहिल्यांदा. हसता हसता त्याचे डोळे भरले. कात्री खाली ठेवून बाजूला येऊन बसला. "लिही. पर गावाचं नाव घालू नगं. आन् यात्रेच्या आधी मी माझ्या तोंडानं लोकास्नी सांगणार, पुस्तकातनं त्येंच्या कानावर यायला नगं."

"सांगशील?"

"झोप यायची आसंल तर सांगायाच पायजे."

म्हणून त्या प्रकल्पात गावाचं नाव नाही. इथंही मी घातलेलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून मॅडम आल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी कणकेचा फोटो बघितला आणि विचारलं, "याचं वर्णन तुम्ही फार उघड शब्दांत केलंय. सौम्य करता आलं असतं?"

मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, राजानं भर शिवेवर उभं करून कोरलं. मी आडून लिहिलं तर त्यानं काय केलं ते कळायचं कसं?"

"बसून बोला," त्या म्हणाल्या. "काळ?"

"सांगता येत न्हाई. लेख सापडलेला न्हाई. अंदाज पान उलटल्यावर दिलाय, अंदाज म्हणूनच."

त्यांनी पान उलटलं, वाचलं, आणि मग बराच वेळ त्या मला चारणीबद्दलच विचारत राहिल्या. सर मागं उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "मावशी, पाच शाह्या विचारल्याच नाहीत त्यांनी." मी म्हटलं, "मग आता तुम्ही ऐका," आणि जिन्यातच म्हणून दाखवल्या. निकाल लागला तेव्हा नापास नव्हते, एवढं सांगते.

यात्रा त्यानंतर आली. भावानं आदल्या आठवड्यात वाड्यावाड्यांवर जाऊन सांगितलं होतं. हसणारे हसले. एका म्हाताऱ्यानं त्याला तोंडावर सुनावलं, "तुज्या बहिणीनं देव बाटवला." भाऊ म्हणाला, "आवं, देव तितंच हाय. आमीच आंधळं हुतो." लोक कमी येतील असं वाटलं होतं. उलट जास्त आले, अर्धे दर्शनाला आणि अर्धे गाढव बघायला. रांग एकच होती.

मी पोचले तेव्हा त्यानं पूजा धरली होती. घोंगडं खांद्यावर होतं, आडवं धरलेलं नव्हतं. डोळे उघडे ठेवून तो वर चंद्र-सूर्याला शेंदूर लावत होता. खालचा भाग त्यानं तेलानं पुसून, चिंध्यांनी घासून मोकळा केला होता. काळा दगड, त्यावर ते कान, आणि खाली ती. कणकेत दिसली त्यापेक्षा बारीक होती. चेहरा झिजलेला. हातात बांगड्या होत्या मात्र, कुणीतरी कोरताना तेवढ्या घातल्या होत्या.

भावानं मला बघितलं आणि लोकांसमोर हाक मारली, "अक्का, पुढं ये. तिचं तू कर."

"काय करू?"

"बाईमाणसाचं काय करत्यात? ओटी भर."

माझ्या पिशवीत खण-नारळ होता, तो मी भावजयीसाठी आणला होता. रांगेतल्या बायका बघत होत्या. मी दगडापुढं बसले, तिला हळदीकुंकू लावलं, मूठमूठ तांदूळ तिच्यापाशी घातले, नारळ ठेवला, आणि खण उलगडून तिच्या अंगावरनं घातला. गाढवाचे कान तेवढे वर राहिले. मागनं कुणीतरी म्हातारी पुढं सरकली, "सर बाई जरा, मला बी भरू दे," म्हणाली, आणि ओच्यातले तांदूळ काढू लागली.